हरिश्चंद्रगडावरची चूल

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात, जिथे पुणे आणि ठाणे जिल्ह्यांच्या सीमा येऊन भिडतात, तिथे हरिश्चंद्रगड उभा आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे १४२४ मीटर उंचीच्या या गडाची कीर्ती तट-बुरुजांमुळे झालेली नाही. हरिश्चंद्रेश्वराचे कोरीव मंदिर, त्याच्याजवळची केदारेश्वराची पाण्याने भरलेली गुहा आणि पश्चिमेकडचा कोकणकडा यांच्या ओढीने माणसे इथवर येतात. केदारेश्वराच्या गुहेत चार खांबांपैकी एकच शाबूत राहिला आहे, आणि शिवलिंगाभोवती कंबरभर गार पाणी साठलेले असते. तारामती हे गडावरचे सर्वोच्च शिखर. त्याच्या पायथ्याशी लेण्यांची रांग आहे आणि त्यांतल्या एका गुहेत गणेशाची भव्य मूर्ती आहे. कोकणकड्याच्या माथ्यावरून पाहिले की कातळाची भिंत पोटात वळलेली दिसते आणि खाली कोकणातली गावे खेळण्यातल्या घरांसारखी भासतात.

दिवाळीचा हंगाम आटोपला, वह्यांची पूजा झाली, गिऱ्हाइकांची वर्दळ ओसरली की पेढीवरच्या माणसांना चार दिवसांची उसंत मिळते. पुणे, नाशिक, संगमनेर, मुंबई इथली अनेक व्यापारी कुटुंबे अलीकडे या उसंतीत पर्यटनस्थळांच्या गर्दीऐवजी डोंगराची वाट धरू लागली आहेत. महाविद्यालयात शिकणारी मुले-मुली पुढाकार घेतात, तंबू भाड्याने मिळतात, रस्ते बरे झाले आहेत. तरीही बेत ठरताना घरातल्या ज्येष्ठांचा पहिला प्रश्न एकच असतो: जेवणाचे काय?

हा प्रश्न क्षुल्लक नाही. कांदा-लसूण, बटाटा वर्ज्य; पाणी गाळलेले हवे; सूर्यास्तापूर्वी जेवण उरकायला हवे; रात्रीचे उरलेले सकाळी चालत नाही. या चार अटी घेऊन डोंगरावर जायचे तर वाटेत मिळेल त्यावर विसंबता येत नाही. स्वयंपाकाचा संच बरोबर न्यावा लागतो, आणि तो विचारपूर्वक जमवावा लागतो.

सह्याद्रीला व्यापाऱ्याची फिरती चूल नवी नाही. गडापासून दूर नसलेल्या नाणेघाटातून सातवाहनांच्या काळापासून मालाची ने-आण होत असे. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीच्या नाण्यांसाठी होता असे सांगतात. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून जुन्नरच्या पेठेकडे जाणाऱ्या त्या काफिल्यांनाही मुक्काम होता, शिधा होता, विस्तव होता. तेव्हा रान मोठे होते आणि माणसे थोडी. आज हे प्रमाण उलटले आहे, आणि गडावरच्या चुलीचा विचार तिथूनच सुरू करावा लागतो.

लाकडाची चूल का नको

रानातल्या मुक्कामाचे चित्र डोळ्यांपुढे आणले की तीन दगडांची चूल आणि रात्रीची शेकोटी त्यात हटकून येते. हरिश्चंद्रगडावर मात्र या चित्राला जागा उरलेली नाही. गड कळसूबाई–हरिश्चंद्रगड वन्यजीव अभयारण्यात मोडतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ३० नुसार अभयारण्याला धोका पोहोचेल अशा रीतीने आग लावणे, पेटवणे किंवा पेटती सोडणे हा गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी कारणे डोळ्यांना दिसतात. लेण्यांच्या छतांवर वर्षानुवर्षांच्या चुलींची काजळी बसते, आणि दगडात मुरलेली काजळी कोणी सहजी धुऊन काढू शकत नाही. पावसाळ्यात कमरेएवढे वाढलेले गवत डिसेंबरनंतर वाळते आणि फेब्रुवारी ते मे या काळात एका ठिणगीची वाट पाहत उभे असते. वाळल्या गवतातली आग उतारावर माणसाच्या पावलांपेक्षा वेगाने चढते. ११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूतील थेनी जिल्ह्यात, कुरंगणीच्या डोंगरात पायी भटकंतीसाठी गेलेला गट वणव्यात सापडला आणि वीसहून अधिक जणांना प्राण गमवावे लागले. ती माणसेही सुटीतच डोंगर पाहायला गेली होती.

आणखी एक कारण पायथ्याच्या पाचनई गावात समजते. उतारांवर दाटीने वाढणारी कारवी शहरातल्या माणसाला जळणाच्या काटक्यांसारखी दिसते. डोंगरातल्या लोकांसाठी मात्र ती घराची भिंत आहे. कारवीच्या काठ्यांचा कूड बांधून, वर शेणमाती लिंपून इकडची घरे उभी राहतात. सात वर्षांतून एकदा फुलणारी ही वनस्पती एका रात्रीच्या शेकोटीसाठी मोडणे म्हणजे दुसऱ्याच्या घरातला वासा काढून जाळण्यासारखे आहे. वाळक्या ओंडक्याच्या सालीखाली मुंग्या, वाळवी, भुंगे, विंचवाची पिले राहतात, हे ज्यांच्या घरात धान्यसुद्धा निवडून आणि चाळून घेतले जाते त्यांना वेगळे सांगायला नको.

म्हणून गडावर न्यायचा संच लाकडाशिवाय चालणारा हवा. रात्रीच्या मुक्कामाचे, तंबूच्या जागेचे आणि शेगडीचे नियम बदलत असतात. ते पाचनईच्या नाक्यावर विचारून मगच पुढे जावे. शेगडीलाही नकार मिळाला तर वाद घालू नये. त्या वेळी काय करायचे, याचीही तरतूद संचातच असते. ती पुढे येईल.

शेगडी

स्वीडनच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांनी १८९२ मध्ये काजळीविरहित, दाबावर चालणारा केरोसीनचा स्टोव्ह तयार केला. ‘प्रायमस’ या नावाने तो जगभर गेला. १९११ मध्ये दक्षिण ध्रुवावर पोहोचलेल्या आमुंडसेन यांच्या सामानात प्रायमस होता आणि १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतही होता. त्याचीच पितळी भावंडे मराठी घरांत दोन-तीन पिढ्या फरफरत राहिली. पंप मारणे, पिन घालणे, बर्नर तापवण्यासाठी स्पिरिटचा काकडा लावणे ही कामे घरातल्या ज्येष्ठांना अजून आठवतात. तो स्टोव्ह मजबूत होता. पण वजन, रॉकेलचा वास आणि सांडण्याची भीती पाहता पाठीवरच्या पिशवीत त्याला आता कोणी घेत नाही.

आजच्या भटकंतीत दोन प्रकारच्या गॅस शेगड्या वापरल्या जातात. पहिली, आट्यांच्या तोंडाच्या बुटक्या डब्यावर बसणारी. ती मुठीत मावते, एका-दोघांच्या चहाला उत्तम; परंतु पाच माणसांच्या खिचडीचे चार लिटरचे पातेले तिच्यावर ठेवले की सगळा भार उंचावर जातो आणि एखाद्या धक्क्याने सारे कलंडते. कुटुंबासाठी याच जातीतली नळीची शेगडी घ्यावी. तिचे तीन पाय जमिनीवर पसरतात आणि डबा नळीने बाजूला राहतो. पातेले खाली, स्थिर बसते. दुसरा प्रकार म्हणजे लांबट डब्यावर चालणारी पेटीची शेगडी. ती पसरट आणि भक्कम असते, पण वजनाला जड. गाडी मुक्कामापर्यंत जाते अशा ठिकाणी, म्हणजे भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठच्या तंबूंवर, ती सोयीची. पाचनईहून दोन-तीन तास चढून जाणाऱ्याने ती टाळावी.

स्पिरिटची शेगडी स्वस्त आणि साधी असते, परंतु भर उजेडात तिची ज्योत दिसत नाही. विझली असे समजून कोणी वरून स्पिरिट ओतले तर भडका थेट हातातल्या बाटलीकडे येतो. मुले बरोबर असतील तर हा प्रकार नकोच.

कड्याकडून येणारा वारा ज्योत वाकवतो आणि अर्धी उष्णता उडवून नेतो. पत्र्याची घडीची वाराआड म्हणूनच संचात हवी. मात्र ती नळीच्या शेगडीभोवतीच लावावी. डबा जिच्या पोटाखाली असतो त्या शेगडीला सर्व बाजूंनी पत्रा लावला की उष्णता डब्यावर परतते आणि डबा फुटण्याचा धोका निर्माण होतो. तंबूच्या आत किंवा बंद गुहेत शेगडी कधीही पेटवू नये. ज्वलनातून निर्माण होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. माणसाला झोप येते आणि तो उठत नाही.

इंधनाचा हिशेब

व्यापारी घरात मालाची खरेदी अंदाजाने होत नाही. इंधनाचीही होऊ नये. एक लिटर पाणी २० अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला सुमारे ७५ किलोकॅलरी उष्णता लागते. (गडाच्या उंचीवर पाणी १०० ऐवजी ९५ अंशांच्या आसपासच उकळते.) एक ग्रॅम ब्यूटेन जळून सुमारे ११ किलोकॅलरी मिळतात, परंतु भांड्यापर्यंत त्यातल्या निम्म्याच पोहोचतात असे धरावे. म्हणजे एका लिटरमागे १४ ग्रॅम गॅस. हिशेबाला १५ धरलेला बरा.

पाच माणसे आणि एक रात्र असा मुक्काम घेऊ. पिण्यासाठी पाच लिटर पाणी उकळायचे: ७५ ग्रॅम. संध्याकाळचा आणि सकाळचा चहा किंवा काढा मिळून दोन लिटर: ३० ग्रॅम. खिचडी, उकळी आणि मंद आचेवरचा वेळ धरून: ६५ ग्रॅम. सकाळचा उपमा: ४० ग्रॅम. बेरीज २१० ग्रॅम होते. २३० ग्रॅम गॅसचा एक डबा कागदावर पुरतो. पण वाऱ्याची वसुली या बेरजेत धरलेली नाही. म्हणून दुसरा डबा राखीव म्हणून बरोबर असावा. भरलेल्या डब्याचे पत्र्यासह वजन पावणेचारशे ग्रॅमच्या आसपास भरते. घरच्या काट्यावर ते आधी करून डब्यावर लिहून ठेवले की परतल्यावर किती जळले ते नेमके कळते. दोन सहलींनंतर हा आकडा कोणत्याही पुस्तकापेक्षा अधिक विश्वासार्ह ठरतो.

शुद्ध ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाला उकळते. गडावरच्या थंडीत डबा आतून आणखी गार पडत जातो आणि पहाटेची ज्योत मलूल होते. आयसोब्यूटेन-प्रोपेनचे मिश्रण असलेला डबा थंडीत अधिक चांगला चालतो. मलूल पडलेला डबा ज्योतीवर धरून तापवण्याचा मोह प्राणघातक आहे. तो काही वेळ पांघरुणात ठेवावा किंवा कोमट पाण्याच्या ताटलीत उभा करावा. पुन्हा भरलेले स्वस्त डबे घेऊ नयेत. रेल्वेत गॅसचे डबे, रॉकेल, स्पिरिट नेण्यास मनाई आहे, ही गोष्ट मुंबईहून कसाऱ्यापर्यंत गाडीने येणाऱ्यांनी बेत करतानाच ध्यानात घ्यावी आणि इंधनाची सोय रस्त्याने येणाऱ्या वाहनातून करावी.

भांडी

संच टिकाऊ हवा म्हणजे जड हवा असे नाही. चार लिटरचे एक स्टीलचे पातेले, त्याच्या पोटात दोन लिटरचे, त्याच्या पोटात चहाचे छोटे, त्यात मसाल्याच्या डब्या, अशी एकात एक बसणारी मांडणी जागा वाचवते आणि भांडी ठेचू देत नाही. पातेल्यांना कान वा लांब दांडे नकोत. एक चांगली सांडशी सर्वांना पुरते. झाकण सपाट असावे, म्हणजे तेच ताटलीचे काम करते. पितळेचे भांडे घरात शोभते, पण कल्हई गेलेल्या पितळेत आंबट पदार्थ कळकतो. हिंदालियम हलके असते, पण पातळ पत्र्याचे घेतल्यास पहिल्याच सहलीत पोचे येतात. स्टीलच्या पातळ बुडाला खिचडी लागते. जाड बुडाचे घ्यावे किंवा खाली जाळीचा पत्रा ठेवावा. पळी, उलथणे, छोटी सुरी, वाट्या, प्रत्येकाचा पेला आणि चमचा, ताटल्या घासण्यासाठी नारळाचा काथ्या एवढ्याने संसार पूर्ण होतो.

पाच लिटरचा कुकर इंधन वाचवतो, पण दोन किलोंच्या आसपास वजन वाढवतो. त्याऐवजी एक जुनी युक्ती उपयोगी पडते. तांदूळ आणि मूगडाळ घरून धुऊन, कडक उन्हात वाळवून, ५०० ग्रॅमची पुडी बांधून आणावी. वर पोहोचताच ती अर्धा तास भिजत घालावी. खदखदून उकळी आल्यावर आठ-दहा मिनिटांनी पातेले घट्ट झाकून, शेगडीवरून उतरवून घोंगडीत गुंडाळून ठेवावे. पाऊण तासात खिचडी आपल्याच उष्णतेवर फुलून येते. या वेळात शेगडी पाणी उकळायला मोकळी राहते. पुडीचे माप पाच ताटांपुरतेच असल्याने मागे उरत नाही, आणि सकाळी टाकून देण्याची वेळ येत नाही. जिरे, हिंग, हळद, सुंठ, मीठ आणि तूप वेगवेगळ्या घट्ट डब्यांत असावे. उपम्यासाठी रवा घरूनच भाजून न्यावा. गडावर भाजण्यात इंधन घालवू नये.

ठिणगी

‘चकमक झडली’ असे आपण युद्धाच्या वर्णनात सहज म्हणतो. मुळात चकमक म्हणजे गारगोटीवर पोलाद घासून ठिणगी पाडण्याचे साधन. खाली सावरीच्या कापसाचा बोळा धरायचा, ठिणगी त्यात झेलायची, फुंकरीने विस्तव करायचा, हा विधी काडेपेटी येण्यापूर्वी घराघरांत चालत असे. १९०३ मध्ये ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी सीरियम आणि लोखंडाच्या मिश्रधातूचे स्वामित्व घेतले. लायटरमधला ‘दगड’ आणि भटक्यांच्या गळ्यात लटकणारी फेरोची सळई ही त्याचीच रूपे.

ही सळई भिजली तरी पुसून चालते, हा तिचा मोठा गुण. नव्या सळईवरचा काळा थर आधी खरवडून काढावा. मग पट्टी कापसापाशी स्थिर धरून सळई मागे खेचावी. पट्टी पुढे लोटली तर हात कापसावर आदळून सगळे विखुरते. ठिणगीचे तापमान काही हजार अंशांपर्यंत जाते, म्हणून सरावही घराच्या गच्चीवर, मोकळ्या फरशीवर करावा. वाळल्या गवतात नव्हे.

विस्तवासाठी तीन वाटा असाव्यात: घट्ट डबीत काडेपेटी, एक लायटर आणि ही सळई. तिन्ही एकाच पिशवीत ठेवू नयेत. एक पिशवी ओढ्यात पडली तर दुसऱ्या माणसाकडचा विस्तव वाचतो. शेगडीच्या खटक्यावर भरवसा ठेवू नये. दमट हवेत तो रुसतो. ठिणगी झेलण्याचे सामान मात्र बाजारात शोधावे लागत नाही. ते देवघरात असते. तुपात बुडवलेली फुलवात ओल्या हवेतही काही मिनिटे शांतपणे जळते. कापूर त्याहून चपळ. पण तो उडून जातो, म्हणून घट्ट झाकणाच्या डबीतच ठेवावा. गॅसची शेगडी असताना या साऱ्याची गरज क्वचितच पडते, परंतु लायटर संपला आणि काड्या सादळल्या अशा पहाटे त्याचे मोल कळते.

लाकडाची चूल जिथे रीतसर चालते तिथली तयारी वेगळी. भंडारदऱ्याच्या काठी किंवा पाचनईतल्या एखाद्या अंगणात मालकाने खड्डा करून ठेवलेला असेल, जळण त्यानेच दिले असेल, तर आनंदाने चूल पेटवावी. लाकूड आधी आपटून, उलटून पाहावे, म्हणजे आतले जीव निघून जातात. काडीएवढी, बोटाएवढी आणि मनगटाएवढी अशी तीन प्रतींची लाकडे वेगळी करावीत आणि त्याच क्रमाने घालावीत. लोखंडी फुंकणी आणि चिमटा असला की तोंड निखाऱ्याजवळ न्यावे लागत नाही. ओढ्यातले ओले दगड चुलीला लावू नयेत. आत मुरलेले पाणी वाफ होऊन दगड तडकतो. निघताना पाणी ओतावे, राख ढवळावी, पुन्हा ओतावे, आणि हाताच्या पाठीला राख गार लागेपर्यंत जागा सोडू नये.

पाणी

गडावर मंदिराच्या परिसरात पाण्याची टाकी आहेत, आणि मंगळगंगा इथूनच उगम पावते. पाणी नितळ दिसते म्हणून तसेच पिऊ नये. दुहेरी जाड सुती कापडाचे मोठे गाळणे संचात पहिल्या क्रमांकाने असावे. गाळून झाल्यावर कापडावर राहिलेले त्याच पाण्यात हलकेच परत सोडण्याची घरातली रीत इथेही पाळता येते. त्यासाठी टाक्यात उतरावे लागत नाही, दोरी बांधलेले छोटे भांडे पुरते. गाळलेले पाणी खदखदून उकळावे. गडाच्या उंचीवर उकळीचे तापमान थोडे कमी असले तरी एक मिनिटाची जोरकस उकळी रोगजंतूंना पुरते. भांडी टाक्याकाठी घासू नयेत. आधी कोरड्या राखेने किंवा कागदाने पुसावीत, मग पाणी बाजूला नेऊन विसळावीत; पुढच्या मुक्कामाची माणसे तेच पाणी पिणार असतात.

वेळेचे वेळापत्रक

हिवाळ्यात इथे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि कोकणकड्यावरचा सूर्यास्त पाहणे हाच बहुतेकांचा मुख्य हेतू असतो. मंदिरापासून कड्यापर्यंत साधारण अर्ध्या तासाची चाल आहे. म्हणजे जेवण सव्वापाचपर्यंत आटोपलेले हवे, खिचडी साडेतीनच्या सुमारास भिजायला आणि चारला शेगडीवर चढायला हवी, आणि त्यासाठी पाचनईचा चढ बाराच्या आतच सुरू व्हायला हवा. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम इथे अडचण ठरत नाही, उलट दिवसाला शिस्त लावतो. जे अंधारात स्वयंपाक मांडतात, त्यांचेच हात भाजतात, त्यांच्याच डब्या हरवतात आणि त्यांच्याच विजेऱ्यांभोवती कीटक गोळा होऊन पातेल्यात पडतात. मोकळ्या पोटाने धावत कडा गाठण्याऐवजी जेवून, भांडी आवरून, शेगडीचा डबा सुटा करून, पाण्याच्या बाटल्या भरून निघालेले कुटुंब कड्यावर निवांत बसते. पश्चिमेचा प्रकाश कातळावरून हळूहळू उतरतो आणि खालची गावे एकेक करून सावलीत जातात.

नकाराची शिदोरी

संचाचा शेवटचा डबा आगीशिवाय जेवण्याचा असतो. नाक्यावर शेगडीला मनाई झाली, वारा असह्य झाला, धुके दाटले, गॅस गळाला, तरी कोणी उपाशी राहू नये म्हणून पाच माणसांचे एक पूर्ण जेवण कोरडे असावे: खाखरे, भाजलेल्या लाह्या, मेतकूट, तूप, गूळ, शेंगदाणे, चण्याचे सातू. पिण्याचे उकळलेले पाणीही माणशी दोन लिटर खालूनच भरून घ्यावे. हा डबा न उघडता घरी परतला तर उत्तम. पण तो असल्यामुळेच जागेचा नियम मोडण्याचा मोह होत नाही. आग पेटवल्याविना भागेल, एवढी खात्री ज्याच्या पिशवीत आहे, तोच वाळल्या गवतासमोर शांतपणे ‘आज नको’ म्हणू शकतो.

आणखी एक वाट पाचनईतच आहे. गावातली माणसे पाहुण्यांना जेवण देतात. आदल्या दिवशी कळवून, कांदा-लसूण आणि बटाटा नको असे स्पष्ट सांगून, वेळ ठरवून घेतली तर नाचणीची किंवा तांदळाची भाकरी आणि पिठले गरम मिळते. भाव आधी ठरवावा आणि ठरलेला पूर्ण द्यावा. दूध, तूप, तांदूळ गावातून विकत घेतला तर पिशवीचे ओझेही कमी होते आणि जिथल्या डोंगरावर आपण राहायला आलो तिथे चार पैसे राहतात.

परतीच्या सकाळी आवराआवर उलट्या क्रमाने होते. शेगडी गार झाल्यावर डबा सोडवायचा, भांडी एकात एक बसवायची, रिकामा डबा, कागद, दुधाच्या पिशव्या एका वेगळ्या थैलीत घालून शहरापर्यंत न्यायच्या. गावाच्या उकिरड्यावर सोडायच्या नाहीत. शेगडीच्या पायांखालची माती हाताने सारखी केली की तिथे कोणी स्वयंपाक केला होता हे दुपारपर्यंत ओळखू येत नाही. घरी पोहोचल्यावर डब्याचे पुन्हा वजन करावे, किती जळले, काय उरले, काय कमी पडले ते एका छोट्या वहीत टिपून वही त्याच पातेल्यात ठेवावी. पुढच्या वर्षी संच उघडला की ती प्रथम हाताला लागेल, आणि याद्या नव्याने करण्यात वेळ जाणार नाही.